साखरझोप

तीन वाजून दहा मिनिटांनी
दंडावर चिकटवलेलं नाणं चुगली करतं
आणि उशाशी फोन बोंबलतो.
२.८. बाण खाली.

डंडीत जानेवारीतल्या तीनला
कुठलाच आवाज नसतो,
टे नदीवरचा पूलसुद्धा गाडीवाचून पडलेला.
मला मात्र मिरजेच्या मे महिन्यातला घाम.
जिना मोजत उतरते. तेरा पायऱ्या.
आज अकराच भरल्या.

फ्रिज उघडते, दिवा लागतो
आणि कशाला आले होते ते जातं.
दूध. मेथीची जुडी. अर्धं लिंबू.
सगळ्यांची नावं येतात,
यातलं मला काय हवं होतं, तेवढं येत नाही.

श्रीरंग येतो. एकाच पायात मोजा.
"जेली बेबीज कुठं ठेवल्यास?"
"मला काय विचारतोस, मी काय वाणी आहे?"
असं मी बोलले, हे तो उजाडल्यावर सांगतो.
याहून वाईटही बोललेय,
एकदा म्हणे थेट त्याच्या आईवर घसरले.
तो वाद घालत नाही,
हिरवं बाळ डोक्याकडून माझ्या दातांत सरकवतो.
तुझ्या तोंडात साखर पडो, म्हणायची आपली माणसं
चांगली बातमी आणणाऱ्याला.
बातमी नाही. नुसतं तोंड आहे.

चार बाळं खायची, पंधरा मिनिटं थांबायचं,
असं नर्स मोराग सांगते.
मोराग तीन वाजता झोपलेली असते.
मी पाव भाजते, वर बोटभर मार्मालेड,
मग दुसरा, मग पाहुण्यांसाठी राखलेला लाडू,
मग डब्याच्या तळाचा चुरा, बोट ओलं करून.
भूक नव्हे ही.
बुडणारा पाणी पितो, ते काही तहानेनं नाही.

साडेसहाला १६.९.
जिला आपण साखरझोप म्हणतो,
पांघरूण नाकापर्यंत ओढून घ्यायची ती पहाटेची,
तिच्यातच यकृत न विचारता
रक्तात साखर सोडत बसतं.
नाव ठेवणाऱ्याला कोणी सांगितलं असेल हे?
पंप म्हणतो, चार युनिट.
घासाघीस करून साडेतीन देते.
मग अर्ध्या तासानं, आकडा हलेना म्हणून,
निव्वळ रागानं आणखी तीन.
राग कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

आईचा फोन. तिकडे जेवणाची वेळ होत आलेली.
"किती आहे गं आज?"
"सतरा."
"अगोबाई, छानच की! मामाची काल अडीचशे होती."
इथल्या आकड्याला अठरानं गुणायचं असतं,
हे सहा वर्षांत मी तिला सांगितलेलं नाही.
सतरा ऐकून ती निवांत भात लावते.

सव्वानऊ. गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून झालं.
४.७, आणि बाण पुन्हा खाली. रागाचे तीन युनिट पोचले वाटतं.
पाचाच्या आत असताना गाडी हाकायची नाही.
मी स्टिअरिंगमागे बिस्किटं खात बसते,
दहाला वाचनालय उघडायचंय,
किल्ली माझ्याकडेच आहे,
आणि दाराशी ते दोघे म्हातारे पेपरसाठी येऊन उभे असणार.

शेजारचे मिस्टर गेडीज काचेवर टकटक करतात.
"सुरू होत नाहीये का?"
काच खाली करते. "गाडी ठीक आहे. मीच सुरू होत नाहीये."
ते गंभीरपणे मान हलवतात,
त्यांना डाव्या कानानं कमी येतं,
आणि मी डावीकडेच बोलले.

पाच मिनिटांत परत येतात.
अंगात झोपायचा कोट, पायांत रबरी बूट,
खांद्यावर बॅटरीची जाड केबल,
एका हातात लाल चिमटा, दुसऱ्यात काळा.
"हं," म्हणतात, "कुठे लावू?"

४.९.
मी बॉनेट उघडून देते.